संघ : एका शब्दाची कुळकथा



'संघ' हा शब्द आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो याची मोजदाद केली तर आपले आपल्यालाच नवल वाटेल. सकाळी दारात येणारे दूध जिल्हा दूध संघाचे असते. शेतकऱ्याचे खत खरेदी-विक्री संघातून येते. पत्रकारांचा संघ असतो, कामगारांचा संघ असतो, क्रिकेटच्या मैदानावर उतरणाऱ्या अकरा खेळाडूंचाही संघच असतो. आपल्या राज्यघटनेने भारताचे वर्णन राज्यांचा संघ असे केले आहे, आणि १९४५ साली जगातील राष्ट्रांनी मिळून जी संस्था स्थापिली तिलाही आपण संयुक्त राष्ट्रसंघ म्हणतो. १९२५ साली नागपुरास स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे नाव तर लोकांच्या तोंडी नुसते 'संघ' एवढेच झाले आहे. उलट, एखाद्या विहारात हात जोडून तिसरे शरण घेणारा माणूस 'संघ' म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात यांपैकी काहीही नसते.

इतक्या निरनिराळ्या वस्तूंना एकच नाव मिळाले ते उगाच नव्हे. ह्या शब्दाने फार मोठा प्रवास केला आहे. तो व्याकरणकारांच्या हातून राजनीतीत गेला, राजनीतीतून धर्मात आला, धर्मात असताना मालमत्तेचा धनी झाला, आणि अखेर पुन्हा सभा-संस्थांच्या व्यवहारात येऊन बसला. ह्या प्रवासातील मुख्य मुक्काम आज आपल्यापुढे मांडावेत असा माझा विचार आहे. ते मांडताना एक प्रश्न मी सतत हाताशी ठेवणार आहे : संघात कोण मोजला जातो, आणि कोण मोजला जात नाही? शब्दाचा अर्थ कोशात पाहता येतो. पण धार्मिक समुदायाला दिलेल्या नावाचा खरा अर्थ ह्या मोजणीतच सापडतो.

आरंभी एक घोटाळा दूर करू. मराठीत 'संग' आणि 'संघ' हे शब्द इतके जवळ उच्चारले जातात की पुष्कळांना ते एकाच घरचे वाटतात. वस्तुतः त्यांचे कूळ वेगळे आहे. 'संग' हा सञ्ज् म्हणजे चिकटणे ह्या धातूपासून आला. म्हणून आसक्ती, प्रसंग, सत्संग ही त्याची भावंडे. 'संघ' हा हन् धातूला सम् उपसर्ग लागून झाला. हन् म्हणजे मारणे हे आपल्याला ठाऊक आहे. परंतु सम् लागला की त्यात एकमेकांवर दाबून घट्ट करण्याचा, सांधण्याचा अर्थ येतो. संघात, संहती, संहत हे शब्द त्याच मुशीतले. एक चिकटतो, दुसरा सांधला जातो. श्रमणांच्या परंपरेत तर असे झाले की माणसाने संग सोडावा आणि मग संघात यावे.

पाणिनीने 'संघ' ह्या रूपाची सिद्धी सांगताना ते गण ह्या अर्थी वापरावे असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे हन् धातूपासून होणाऱ्या इतर रूपांपासून त्याने हे रूप वेगळे काढले, कारण त्याच्या काळच्या भाषेत तो एक ठरलेल्या अर्थाचा शब्द झाला होता. शस्त्रावर उपजीविका करणारे आयुधजीवी संघ त्याला माहीत आहेत आणि वाहीक देशातील अशा संघांच्या नावांना कोणते प्रत्यय लागतात तेही तो सांगतो. ह्यावरून त्याच्या काळी 'संघ' म्हणजे प्रामुख्याने एक राजकीय अथवा लष्करी समूह होता, हे उघड आहे.

त्याचे आणखी एक सूत्र मोठे गमतीचे आहे. 'निकाय' हा शब्द कोणत्या संघाला लावावा? तर ज्यात खाली-वर असा क्रम नाही अशा संघाला. काशिकावृत्तीने ह्याची उदाहरणे भिक्षुकांचा, ब्राह्मणांचा आणि वैयाकरणांचा निकाय अशी दिली आहेत, आणि उलट बाजूचे उदाहरण दिले आहे ते डुकरांच्या ढिगाचे. डुकरे एकमेकांच्या अंगावर चढून पडतात, म्हणून त्यांचा 'निचय' होतो, निकाय होत नाही. विसाव्या शतकातील काही अभ्यासकांनी ह्या सूत्रातून उच्चनीचभावरहित समाजाची कल्पना काढली आहे. माझ्या मते डुकरांच्या उदाहरणाकडे पाहता तेथे सामाजिक उच्चनीचतेचा विचार नसून केवळ ढीग आणि समूह यांतला फरक सांगितला आहे. तथापि एवढे मात्र खरे की ढीग आणि समूह ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत ही जाणीव त्या शब्दाच्या जन्माशी आहे. माणसे एका जागी गोळा झाली म्हणून संघ होत नाही. ती एका पातळीवर, एकमेकांशी सांधलेली असावी लागतात.

हीच गोष्ट राजनीतीच्या बाजूने कौटिल्य सांगतो. अर्थशास्त्राचे अकरावे अधिकरण 'संघवृत्त' ह्या नावाचे आहे. सैन्य मिळवणे आणि मित्र मिळवणे यांपेक्षा संघ मिळवणे श्रेष्ठ, असे त्याचे आरंभीचे मत आहे. कारण जे एकत्र सांधलेले असतात ते शत्रूला अजिंक्य ठरतात. त्याने संघांचे दोन वर्ग केले आहेत. कांबोज, सुराष्ट्र इत्यादींचे संघ शेती-व्यापार आणि शस्त्र यांवर जगतात. लिच्छिवी, वृजी, मल्ल, मद्र, कुकुर इत्यादींचे संघ 'राजा' ह्या पदवीवर जगतात. म्हणजे त्यांच्यातील प्रत्येक कुलप्रमुख स्वतःला राजा म्हणवतो. इतके सांगून झाल्यावर कौटिल्य जे शिकवतो ते मात्र ह्या संघांना फोडण्याचे शास्त्र आहे. त्यांच्यात परस्परांविषयी संशय कसा पेरावा, मानापमानाचे भांडण कसे लावावे, स्त्रिया आणि मद्य यांचा उपयोग कसा करावा, ह्याचा तपशील तो थंड डोक्याने देतो. त्याचा आवडता शब्द आहे 'भेद'. हा शब्द ध्यानात ठेवावा, कारण तो पुढे धर्माच्या दालनातही आपल्याला भेटणार आहे.

ह्या राजकीय संघांच्या मुलखातच गौतम बुद्धाचा जन्म झाला. शाक्य, कोलिय, मल्ल, वृजी ही त्याच्या शेजारपाजारची गणराज्ये होती. त्या काळी श्रमणांचे अनेक पंथ गंगेच्या खोऱ्यात फिरत होते, आणि पाली सुत्तांत त्यांच्या सहा प्रसिद्ध आचार्यांचे वर्णन 'संघी' व 'गणी' अशाच विशेषणांनी केले आहे. म्हणजे शिष्यसमुदायाला संघ म्हणण्याची रीत बुद्धाने नव्याने काढली नाही; ती त्या युगाची रीत होती. बुद्धाने केले ते एवढेच की त्या नावामागे कार्यपद्धती उभी केली.

महापरिनिब्बानसुत्ताच्या आरंभीचा प्रसंग आपणांस परिचित असेल. मगधाचा राजा अजातशत्रू याला वृजींवर स्वारी करावयाची आहे. त्याचा अमात्य वस्सकार राजगृहाच्या गृध्रकूट पर्वतावर येऊन बुद्धाचे मत विचारतो. बुद्ध त्याला सरळ उत्तर न देता आनंदाला प्रश्न विचारतो : वृजी वारंवार सभा भरवतात काय? एकजुटीने जमतात आणि एकजुटीने उठतात काय? जुने नियम मोडत नाहीत ना? वृद्धांचा मान राखतात ना? अशा सात गोष्टी जोवर आहेत तोवर वृजींचा ऱ्हास नाही, असे तो सांगतो. अमात्य निघून जातो. मग बुद्ध राजगृहातील सर्व भिक्षूंना एकत्र बोलावतो आणि त्यांनाही ऱ्हास टाळणाऱ्या सात गोष्टी सांगतो. त्यांतील पहिल्या दोन त्याच आहेत : वारंवार जमा आणि एकजुटीने जमा. राजकीय संघाची घडी धार्मिक संघाने कशी उचलली हे याहून स्पष्ट कोठे दिसणार? काशीप्रसाद जयस्वालांनी १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या 'हिंदू पॉलिटी' ह्या ग्रंथात हाच सिद्धान्त जोराने मांडला.

आता ही घडी प्रत्यक्षात कशी होती ते पाहू. विनयपिटकाच्या हिशेबाने एक भिक्षू म्हणजे व्यक्ती, दोन किंवा तीन म्हणजे गण, आणि चार झाले की संघ. चार ही किमान संख्या. चौघांचा संघ बहुतेक सर्व कामे करू शकतो. परंतु वर्षावासाच्या शेवटची प्रवारणा करण्यास पाच जण लागतात, मध्यदेशात नव्या भिक्षूला उपसंपदा देण्यास दहा लागतात, आणि गंभीर दोषाबद्दल शिक्षा भोगलेल्या भिक्षूला पुन्हा पंक्तीत घेण्यास वीस लागतात. माणसाला बाहेरून आत घेण्यापेक्षा चुकलेल्याला परत घेण्यासाठी अधिक जणांची संमती मागितली आहे, हे विचार करण्यासारखे आहे. आजच्या आपल्या सभांत 'गणपूर्ती' हा जो शब्द चालतो त्याचा पूर्वज विनयातील 'गणपूरक' ह्या शब्दात दिसतो.

सभा कोठे भरावयाची हेही ठरलेले असे. डोंगर, शिळा, वृक्ष, वाट, नदी अशा खुणांनी 'सीमा' आखली जाई. सीमेच्या आत असलेल्या प्रत्येक भिक्षूने यावे. आजारी असेल त्याने दुसऱ्याबरोबर आपली संमती पाठवावी. मग ठराव मांडला जाई, त्याला 'ञत्ती' म्हणत. महत्त्वाच्या कामात तो तीन वेळा पुकारला जाई. ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. एकमत होईना तर शलाका वाटून मत घेत. शलाका म्हणजे लाकडाच्या काड्या. त्या वाटणारा अधिकारी पक्षपात, द्वेष, मोह, भय यांपासून मुक्त असावा लागे. मतदान गुप्त, कानात सांगून अथवा उघड, अशा तीन तऱ्हांनी होई.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढील आपल्या प्रसिद्ध भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ह्याच गोष्टीकडे देशाचे लक्ष वेधले. संसदीय कार्यपद्धती भारताला अपरिचित नव्हती. भिक्षुसंघांच्या कामकाजात ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान, निंदेचा ठराव हे सर्व होते, आणि बुद्धाने हे नियम त्या काळच्या राजकीय सभांवरून घेतले असावेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. भारताने ही पद्धती गमावली, आणि ती दुसऱ्यांदा गमावली जाईल काय, ही चिंता त्यांनी तेथेच बोलून दाखवली. इतिहासाचा हवाला त्यांनी दिला तो आत्मस्तुतीसाठी नव्हे, इशाऱ्यासाठी, हे विसरू नये.

ह्या ठिकाणी इतिहासाच्या अभ्यासकाने एक मर्यादाही सांगितली पाहिजे. गुप्त शलाकाग्रहणात मत अधर्माच्या बाजूने जात आहे असे दिसले तर ते मतदान रद्द करण्याची मुभा शलाका वाटणाऱ्याला विनयाने दिली आहे. म्हणजे बहुमत सर्वश्रेष्ठ नव्हते. धर्म आणि विनय बहुमताच्या वर होते. शिवाय ह्या सर्व व्यवस्थेत मत होते ते भिक्षूंना आणि त्यांच्या स्वतंत्र संघात भिक्षुणींना. अन्नवस्त्र पुरवणाऱ्या गृहस्थाला तेथे आसन नव्हते.

संख्येच्या नियमाने संघ किती अडत असे याचे एक उदाहरण आपल्या दक्षिणेशी संबंधित आहे. अवंती-दक्षिणापथात महाकात्यायन राहत होता. त्याच्या सोण नावाच्या शिष्याला उपसंपदा द्यावयाची, तर दहा भिक्षू हवेत. आणि ते इकडून तिकडून जमवता जमवता तीन वर्षे गेली. पुढे सोण बुद्धाच्या भेटीस गेला, तेव्हा गुरूच्या वतीने त्याने ही अडचण सांगितली. तेव्हा मध्यदेशाबाहेरच्या सीमाप्रांतात विनय जाणणाऱ्या एकासह पाच जण असले तरी पुरे, अशी सवलत मिळाली. तेथील जमीन खडबडीत म्हणून जाड तळव्याचे जोडे आणि लोकांना स्नानाचे महत्त्व वाटते म्हणून वारंवार स्नान, ह्याही सवलती त्याच वेळच्या. विंध्याच्या अलीकडे संघ आला तो असा देशकालाशी तडजोड करीत आला.

जो नियम सोणाला अडवत होता त्याचाच फटका पुढे भिक्षुणीसंघाला फार मोठा बसला. महाप्रजापती गौतमीपासून सुरू झालेल्या ह्या संघात नव्या स्त्रीला उपसंपदा घ्यावयाची तर भिक्षुणीसंघ आणि भिक्षुसंघ अशा दोन्ही संघांची संमती लागे. सिंहलद्वीपाच्या बखरी सांगतात की महेंद्र तेथे गेला तेव्हा अनुला ह्या राजस्त्रीला दीक्षा देण्याचा अधिकार आपल्याला नाही असे त्याने सांगितले, आणि त्यासाठी संघमित्रा भिक्षुणींसह भारतातून गेली. अकराव्या शतकाच्या सुमारास तेथील भिक्षुणीपरंपरा खुंटली, आणि मग पंचाईत अशी झाली की संघ पुरा करण्यास भिक्षुणीच उरल्या नाहीत. म्हणून नवी भिक्षुणी होईना. १९९६ साली सारनाथ येथे आणि १९९८ साली बोधगयेस अन्य देशांतील भिक्षुणींच्या साहाय्याने सिंहली स्त्रियांना पुन्हा उपसंपदा देण्यात आली. ती ग्राह्य की अग्राह्य हा वाद थेरवादी देशांत अजून चालू आहे. एका शब्दाच्या व्याख्येत दडलेल्या आकड्याने शेकडो वर्षे स्त्रियांची वाट अडवून धरावी, ह्यावरून शब्दांचे अर्थ हा केवळ पंडितांचा विषय नाही हे पटावे.

आता गृहस्थांकडे वळू. बौद्ध वाङ्मयात भिक्षू, भिक्षुणी, उपासक आणि उपासिका अशा चौघांना मिळून एक शब्द आहे. पण तो 'संघ' नव्हे, तो 'परिसा' म्हणजे परिषद. विनयाच्या भाषेत उपासक परिषदेत असतो, संघात नसतो. तथापि व्यवहारात त्याचे वजन किती होते हे कौशांबीच्या कलहावरून दिसते. एका क्षुल्लक दोषावरून तेथील भिक्षूंत दोन तट पडले. बुद्धाने समजावून पाहिले, भिक्षू ऐकेनात. तो सर्वांना सोडून रानात निघून गेला. तेव्हा कौशांबीच्या उपासकांनी ठरवले की ह्या भिक्षूंना आपण वंदन करावयाचे नाही, उठून मान द्यावयाचा नाही, भिक्षा घालावयाची नाही. थोड्याच दिवसांत दोन्ही तटांचे डोके ठिकाणावर आले आणि ते बुद्धाकडे जाऊन समेटास तयार झाले. संघाची सभा जे करू शकली नाही ते सभेबाहेरच्या माणसांनी केले.

संघात फूट पाडणे, म्हणजे 'संघभेद', हे बौद्धांनी मातृवध, पितृवध यांच्या पंक्तीतले महापाप मानले. कौटिल्य ज्या भेदाची विद्या शिकवत होता, त्याच भेदाला येथे पाताळाची वाट दाखवली आहे. अशोकाने सारनाथ, सांची आणि कौशांबी येथील स्तंभांवर आज्ञा कोरविली की जो भिक्षू अथवा भिक्षुणी संघ फोडील त्याला पांढरी वस्त्रे नेसवून विहाराबाहेर राहावयास लावावे. पांढरी वस्त्रे ही गृहस्थाची खूण. म्हणजे त्याला संघाच्या मोजणीतून काढावे. ह्या आज्ञेची एक प्रत उपासकांजवळ ठेवावी आणि त्यांनी प्रत्येक उपोसथाला येऊन तिची आठवण जागती ठेवावी, असेही सारनाथच्या लेखात आहे. कौशांबीच्या उपासकांनी जे आपण होऊन केले त्याला येथे राजाज्ञेचे रूप आले.

अशोकाच्या लेखांतून शब्दाच्या इतिहासाविषयी आणखी एक गोष्ट कळते. सातव्या स्तंभलेखात कोणकोणत्या धर्मपंथांच्या कामी महामात्र नेमले हे सांगताना तो ब्राह्मण, आजीविक, निर्ग्रंथ अशी नावे घेतो, आणि बौद्धांपुरता मात्र नुसता 'संघ' म्हणतो. सहा आचार्यांच्या काळी जो शब्द सगळ्यांचा होता तो दोन-अडीचशे वर्षांत एकाच्या नावावर चढला. विशेषण गळून पडणे हा शब्दाच्या राज्याभिषेकाचा क्षण असतो. त्या शब्दावर ज्याचा हक्क उरत नाही त्याला तो क्षण जाणवतोच असे नाही.

यानंतर आपण आपल्या सह्याद्रीत येतो. नाशिक, कार्ले, जुन्नर, कान्हेरी येथील लेण्यांच्या भिंतींवर जे दानलेख आहेत त्यांत 'चातुदिस' म्हणजे चारी दिशांचा संघ हा शब्दप्रयोग वारंवार येतो. ह्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. समोर हजर असलेला संघ वेगळा आणि चारी दिशांचा संघ वेगळा. चारी दिशांच्या संघात आलेले, न आलेले आणि पुढे येणारे, असे सर्व भिक्षू मोडतात. भिक्षू मरण पावला तर त्याची किरकोळ चीजवस्तू हजर असलेल्या संघाने वाटून घ्यावी. पण जमीन, विहार, जड भांडी, मंचक ही चारी दिशांच्या संघाची, ती कोणी वाटू नयेत आणि कोणाला देऊन टाकू नयेत, असा विनयाचा दंडक होता. जे अजून जन्मलेलेच नाहीत त्यांनाही मालकीत वाटा देणारी ही कल्पना आहे. ती समजली म्हणजे त्या लेण्यांच्या दानाला कालमर्यादा का नाही हे उमगते.

नाशिकच्या दहाव्या लेण्यातील उषवदाताचा लेख ह्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. हा क्षत्रप नहपानाचा जावई. बेचाळिसाव्या वर्षी त्याने हे लेणे चारी दिशांच्या संघाला दिले आणि त्याबरोबर ३००० कार्षापणांची 'अखयनीवी' म्हणजे कधी न मोडण्याची ठेव ठेवली. त्यांपैकी २००० गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत द्यावयाचे नाही, व्याज भोगावयाचे. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावेत, असे त्यात म्हटले आहे. आपण हिशेब करून पाहा : दोन हजारांवर दरमहा वीस, वर्षाचे दोनशे चाळीस, वीस भिक्षूंना बारा-बारा दिले की बरोबर दोनशे चाळीस. दाता धार्मिक होता आणि त्याचा हिशेब चोख होता.

ह्याच नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचे आज्ञालेख आहेत. पूर्वी उषवदाताच्या भोगात असलेले २०० निवर्तने शेत त्याने त्रिरश्मी पर्वतावरील भिक्षूंना दिले. पुढे चोविसाव्या वर्षाच्या लेखात तो म्हणतो की आधी दिलेले शेत पिकवले जात नाही आणि ते गाव ओस आहे, तेव्हा त्याऐवजी १०० निवर्तने राजकीय शेत द्यावे. दान चारी दिशांच्या संघाला दिले तरी नांगर कोणीतरी धरावाच लागतो, हे त्या ओसाड गावाने दाखवून दिले. पुढे पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी त्याची आजी गौतमी बलश्री हिने ते लेणे भद्रयानीय निकायाच्या भिक्षुसंघाला दिले. कार्ल्याच्या लेखांत महासांघिकांचे नाव येते. म्हणजे चारी दिशांचा संघ नावाने एक राहिला तरी घरोघरी त्याच्या शाखा वेगळ्या झाल्या होत्या. जो 'निकाय' पाणिनीला खाली-वर नसलेला समूह म्हणून माहीत होता, तो आता शाखेचे नाव झाला.

जैनांनी हाच शब्द घेतला, पण मोजणी निराळी केली. त्यांचा संघ चतुर्विध आहे : साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका. तीर्थंकर ज्या तीर्थाची स्थापना करतो ते तीर्थ म्हणजेच हा चतुर्विध संघ. बौद्धांनी ज्यांना परिषदेत ठेवले त्यांना जैनांनी संघात घेतले. अर्थात जैनांतही मूलसंघ, यापनीय संघ, काष्ठासंघ अशा नावांत संघ म्हणजे मुनींची परंपरा असा संकुचित अर्थ आहे. परंतु गृहस्थ संघाचा घटक आहे ही मूळ कल्पना सुटली नाही. म्हणूनच यात्रेला निघालेल्या श्रावकांच्या जथ्यालाही 'संघ' म्हणतात, आणि स्वखर्चाने असा संघ नेणारा 'संघपती' होतो. तेराव्या शतकात गुजरातचा मंत्री वस्तुपाल याने शत्रुंजय आणि गिरनार येथे असे संघ नेले. आजची संघवी, सिंघवी, संघई ही आडनावे त्याच पदवीची नातवंडे आहेत. बौद्ध धर्म ह्या देशातून जवळजवळ नाहीसा झाला आणि जैन धर्म टिकला, ह्याची कारणे अनेक आहेत आणि ती एका शब्दात कोंबू नयेत. पण विहार पडल्यावर ज्याला आपण संघाचे आहोत असे म्हणता येईल असा गृहस्थ एका ठिकाणी होता आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हता, हा फरक डोळ्यांआड करता येत नाही.

हा फरक आपल्या काळात ज्याने सर्वांत स्पष्टपणे ओळखला तो पुरुष महाराष्ट्रातला होता. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ह्या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी दाखवून दिले की भिक्षूला संघात घेण्यासाठी उपसंपदा होती, पण सामान्य माणसाला धम्मात घेण्यासाठी वेगळा दीक्षाविधी नव्हता. ही मोठी उणीव होती आणि बौद्ध धर्माच्या ऱ्हासाच्या कारणांपैकी ती एक होती, असे त्यांचे स्पष्ट मत आहे. ज्याला विधीने आत घेतलेले नाही तो सहज बाहेर पडतो. तो आज इकडे, उद्या तिकडे. हा केवळ ग्रंथातला विचार राहिला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी स्वतः भिक्षू चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेतले, आणि मग समोरच्या लाखो गृहस्थांना त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा स्वतःच दिल्या. एका गृहस्थाने गृहस्थांना दीक्षा दिली. दोन हजार वर्षे ज्याची गणना परिषदेत होत होती त्याला त्या दिवशी नाव घेऊन, शब्द उच्चारून आत घेण्यात आले. त्याआधी १९५५ साली त्यांनी गृहस्थांची जी संस्था उभारली तिला 'संघ' हे नाव न देता 'भारतीय बौद्ध महासभा' असे नाव दिले, हेही ध्यानात घ्यावे. जुन्या शब्दाची मर्यादा जाणून नवे काम नव्या शब्दावर सोपवण्याची ही दृष्टी होती.

मग तिसऱ्या शरणातला 'संघ' कोणता? हा प्रश्न पुष्कळांना पडतो. परंपरेचे उत्तर असे की शरण जावयाचे ते अमुक विहारातल्या अमुक भिक्षूंना नव्हे. ज्यांनी मार्ग आणि त्याचे फळ मिळवले अशा श्रावकांच्या चार जोड्या, आठ व्यक्ती, हा तो आर्यसंघ. त्या आठांत पहिल्या पायरीवरचा स्रोतापन्न गृहस्थही असू शकतो. म्हणजे ज्या शब्दाने विनयाच्या सभेत गृहस्थाला आसन दिले नाही, त्याच शब्दाने शरणाच्या वाक्यात त्याच्यासाठी दार उघडे ठेवले आहे. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ शेजारी नांदत आले. कोणत्या काळाने कोणता अर्थ पुढे केला त्यावर त्या काळाच्या धर्माचे रूप ठरले.

श्रोतेहो, हे सर्व सांगण्याचे कारण केवळ प्राचीनाचे कौतुक नाही. आज आपण ज्या संस्थांना सहजपणे संघ म्हणतो त्यांना हा शब्द तीन प्रश्न विचारतो. आपण वारंवार जमतो काय? आपल्यातील शेवटच्या माणसाची संमती, तो आजारी असला तरी, आपण मागवतो काय? आणि जे आपल्याला पोसतात, दूध घालतात, वर्गणी देतात, ओसाड शेत पिकवतात, ते आपल्या मोजणीत आहेत काय? ज्या दूध संघाच्या वार्षिक सभेत गणपूर्ती होत नाही म्हणून ती तहकूब होते आणि अर्ध्या तासाने संख्येची अट न ठेवता त्याच जागी पुन्हा भरते, त्या संघाला विनयाने काय म्हटले असते, ह्याचा विचार आपण घरी जाताना करावा. चारांहून कमी जमले तर त्याला संघ म्हणू नये, एवढे तरी त्या भिक्षूंनी स्पष्ट लिहून ठेवले होते.